धागा: चतुर्दशीची एकच पहाट. मित्रांचा नरकासुर आणि घरचे फोव (पोहे), दोन्ही कसे साधायचे?

रायबंदरची_लाट

पुणे, मुंबई, बंगळूरला नोकरी करणारी आपली पोरे दिवाळीला चार दिवस गोव्यात येतात. त्यांतली खरी रात्र एकच, नरकचतुर्दशीच्या आदली. वाड्यावर पहाटे जाळायचा नरकासुराचा पुतळा उभा करायला मित्रांना हात हवे असतात आणि त्याच पहाटे घरी भाण (स्नानाचे पाणी तापवायचे भांडे), तेल, कारीट (पायाने फोडायचे कडू फळ) आणि फोव. होते असे की पोर सहा वाजता काजळी फासून दारात उभे राहते, तोवर आईने तीनदा पाणी तापवलेले असते आणि नारळाचा रोस आंबायला लागलेला असतो.

म्हणून जाणकारांनी नेमके सांगावे. आठ फुटी नरकासुर फक्त संध्याकाळी वेळ मिळणाऱ्या सहा-सात जणांनी कसा करावा, फ्लॅटच्या स्वयंपाकघरात बारा जणांचे फोव कसे निभवावेत, आणि अंगणही नाही, वृंदावनही नाही, तिथे कारीट कुठे फोडावे? 'आमच्या वेळी' छापाच्या आठवणींसाठी दुसरा धागा आहे. इथे मापे द्या.

घाटमार्गी

प्रवासाचे लवकर उरकतो.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होते, आणि अजून जुना हिशेब डोक्यात ठेवून बसणारे पुष्कळ आहेत. तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलित डब्यांचे सकाळी १० ला आणि स्लीपरचे ११ ला. दिवाळीत त्यावर विसंबू नये.

उतरायचे कुठे हे गावावर ठरते. पेडणे, बार्देश, डिचोलीवाल्यांनी थिवी. पणजीवाल्यांनी करमळी. फोंडा आणि सगळी दक्षिण मडगाव. विमानालाही तेच सूत्र: पेडण्या-म्हापशाला मोपा, सासष्टी-मुरगावला दाबोळी. भाड्यात थोडे वाचवायला उलटा विमानतळ घेतला तर वाचलेले सगळे टॅक्सीत जाते.

एक खाचखळगा. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे चालत आले. अलीकडे तो काळ आखूड केला आहे. पण दिवाळी ऑक्टोबरात आली की गाडी पावसाळी वेळेने धावते की नेहमीच्या, हे तिकीट काढतानाच बघा. दोन्हींत काही गाड्यांचा तासांचा फरक असतो आणि न्यायला येणारा भाऊ भलत्याच वेळी स्थानकावर ताटकळतो. पुण्याहून गोवा एक्सप्रेस धरणाऱ्यांना हा प्रश्न नाही, ती मिरज-लोंढा-कुळे वाटेने येते.

कोंड्याची_पेर

नरकासुराचे सांगतो. आठ फूट हे माप चांगले आहे, त्याच्या वर जाऊ नका. कारण शेवटी लिहितो.

सांगाडा असा. आठ फुटी दोन जाड कोंडे (बांबू) समोरचे पाय म्हणून. खाली दोघांत साडेतीन फूट अंतर, वर खांद्याशी दोन फूट. तिसरा नऊ फुटी कोंडा मागून तिरका, खांद्याच्या आडव्या दांड्याला बांधलेला. तीन पायांची घडवंची झाली की जमीन खालीवर असली तरी डुगडुगत नाही, चार पायांची डुगडुगते. आडव्या दांड्या दोन, एक कमरेला तीन फुटांवर, दुसरी खांद्याला सहा फुटांवर. वरचे दोन फूट मुंडक्याचे.

पोटाला कामट्यांच्या कड्या लागतात, पाच किंवा सहा. दोन फूट व्यासाच्या कडीला सात फूट कामटी धरा, त्यात जोडाचा वीतभर आला. कामटी ओल्या कोंड्याची असेल तर मुकाट वाकते. सुकी असेल तर रात्रभर पाण्यात घाला, नाहीतर नेमकी शेवटच्या क्षणी मोडते आणि तिची धार हातात जाते.

बांधणी सुतळीनेच करा. तारेने काम भराभर होते हे खरे, पण पेटल्यावर सुतळी जळते आणि सांगाडा जागच्या जागी खाली बसतो. तार जळत नाही. अर्धा जळालेला सांगाडा उभाच राहतो, मग कुठल्या बाजूला कोसळेल याचा नेम नाही, आणि सकाळी त्याच तारा स्कूटरच्या टायरात जातात.

सगळे पडतात ते पुढच्या बाजूला. गदा, तलवार, पसरलेले हात असे सगळे वजन पुढे असते आणि मागचा पाय पुढचा तोल सावरत नाही. त्यासाठी मागच्या पायाच्या बुडाला वाळूचे एक पोते बांधायचे, वीस-पंचवीस किलोचे. हात वेगळे करून ठेवा आणि जागेवर नेल्यावरच बांधा. गेटातून निघताना पहिल्यांदा हातच मोडतात.

फोवांवाली_माई

पोरांनो, पहिली गोष्ट बाजाराची. फोव दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी घ्या. गावठी तांबूस फोव नव्या भाताचे असतात, त्यांच्यावर कोंडा राहिलेला असतो आणि कोंड्यात तेल असते. म्हणून ते लवकर खवट होतात. पुण्याला न्यायचे असतील तर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये. विकत घेताना चिमूटभर तोंडात टाकून बघा. जीभ ओढल्यासारखी झाली तर पुढच्या बाईकडे जा.

बारा माणसांना सहा तऱ्हांचे मिळून सव्वा किलो पुरे, म्हणजे तऱ्हेला साधारण दोनशे ग्रॅम. यादी करताना सगळे दुप्पट लिहितात, कारण फोव भिजून फुगतात हे विसरतात. नारळ पाच: रोसाला दोन, कालयिल्ल्या (कालवलेल्या) फोवांना एक, आणि तिखशे (तिखट) फोव, करम (कोशिंबीर) आणि उसळ यांना प्रत्येकी अर्धा धरून दीड. उरलेला अर्धा सांडण्या-खवटण्याचा.

आता एकेक.

रोसातले: दोन नारळांचे खोबरे कोमट पाणी घालून वाटायचे आणि फडक्यातून पिळायचे. पहिला रोस दाट, दुसरा पातळ, दोन्ही मिळून चारेक वाट्या. गूळ दोनशे ग्रॅम, तो अर्धी वाटी पाण्यात आधी विरघळवून गाळून गार करून ठेवायचा, गुळात वाळू असते. वेलची आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरलात तर रोस नुसता गोड लागतो, नारळाची चव वर येत नाही. रोस गॅसवर ठेवायचा नाही, फाटतो. फोव वाढायच्या दहा मिनिटे आधी घालायचे.

खोबरे आदल्या रात्री खवून फ्रीजमध्ये ठेवले तर चालते, रोस मात्र पहाटेच काढायचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात बाहेर ठेवलेला रोस काही तासांत आंबतो. आणि फ्रीजमधले खोबरे तसेच वाटले तर त्यातले तेल गोठून मिक्सरच्या भांड्याला गोळे धरते. ते अर्धा तास बाहेर काढून ठेवा आणि पाणी जरा जास्त कोमट घ्या.

दुधातले: दूध उकळून कोमट करून साखर. गूळच हवा असेल तर दूध पुरते गार झाल्यावर. गरम दुधात गूळ टाकला की दूध फाटण्याची भीती असते.

कालयिल्ले: हे पातळ फोवांचे. खोबरे आणि किसलेला गूळ आधी हाताने चोळायचे, दोघांना पाणी सुटले की फोव घालून कालवायचे. उलट क्रमाने केले तर फोवांचा भुगा होतो आणि गूळ वेगळा राहतो. यात पाण्याचा थेंब लागत नाही.

ताकातले: जाड फोव दोनदा धुऊन चाळणीत पंधरा मिनिटे निथळत ठेवा. ताक, मीठ, आले आणि वर मोहरी, हिंग, कढीलिंब, हिरवी मिरची यांची फोडणी. फोव ताक पितात, म्हणून वाटते त्यापेक्षा पातळ ठेवा आणि अर्धे ताक बाजूला राखून वाढताना घाला.

बटाट फोव सगळ्यांना येतात, त्यावर लिहीत नाही. तिखशे फोव येत नाहीत. त्यांना सुक्या मिरचीची पूड, खोबरे, मीठ आणि सुपारीएवढा गूळ एकत्र चोळायचा, त्यात फोव, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. नैवेद्याला जाणार असतील तर कांदा नाही.

सोबत वाटाण्याची उसळ आणि आंबाड्याची करम. वाटाणे आदल्या दिवशी रात्री नऊच्या आत भिजत घाला. नरकासुराच्या नादात हेच राहते आणि मग कुकरच्या दहा शिट्ट्या करूनही मधला दाणा कडकच.

भाटकार_नव्हे

माई, सव्वा किलो बारा जणांना? सहा तऱ्हा पानात आल्या की कोण चमचाभर खाऊन थांबतो?

फोवांवाली_माई

चमचाभर नाही रे बाबा. सव्वा किलो भिजले, त्यात दूध, रोस, ताक, खोबरे मिसळले की चार किलोंच्या पुढे जाते. माणशी तीनशे-साडेतीनशे ग्रॅम झाले, शिवाय उसळ. त्यावर चिरोटे येतात, शेजारून ताट येते. पुरते.

चोवीस_काड्या

कंदिलाचे कोणी विचारले नाही, तरी सांगतो. घरी पोचल्याच्या पहिल्या संध्याकाळी बसून करण्याजोगे हे एकच काम, आणि लहान भावंडांना हाताशी घेता येते.

एकाच लांबीच्या चोवीस काड्या. नऊ इंची घेतल्या तर कंदील पावणेतेरा इंच रुंद होतो, फ्लॅटच्या गॅलरीला तेवढा बस. सोळा काड्यांचे चार चौकोन करा. ते टोकावर उभे धरून आडव्या कोपऱ्याला आडवा कोपरा बांधत गोल पुरा करा. आता वर चार टोके उघडी आहेत. ती चार काड्यांनी जोडली की माथ्याचा चौकोन झाला, खालीही तसेच. सहा चौकोन आणि आठ त्रिकोण दिसले तर बरोबर.

वाकडा होतो तो दोन कारणांनी. काड्या अर्धा इंच कमी-जास्त असल्या, किंवा पहिलीच गाठ करकचून मारली. सगळ्या गाठी आधी सैल बांधा, कंदील उभा राहिला की हाताने चेपून सरळ करा, मग आवळा. पतंगी कागदाला खळ काडीवर लावा, कागदावर नको. ओला कागद ताणला की फाटतो. माथ्याचा चौकोन उघडा, त्यातून बल्ब. एलईडीच घ्या, पाच-सात वॅट पुष्कळ. वायरचा जोड गॅलरीच्या आत ठेवा, परतीचा पाऊस दुपारनंतर केव्हाही येतो.

रायबंदरची_लाट

काड्यांचा हिशेब पहिल्यांदाच डोक्यात शिरला. देव बरें करूं. कोंड्याची_पेर, मुंडके आणि कागदाचे अजून राहिले. आणि आठ फुटांचे कारण.

कोंड्याची_पेर

कारण वरच्या तारा. नियमाने रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार ५.८ मीटरवर, म्हणजे एकोणीस फुटांवर हवी. पण खांबावरून घरात जाणारी तार आणि केबलवाल्यांची झोळी बरीच खाली लोंबते. आठ फुटी नरकासुर तीन फुटी गाड्यावर चढला की अकरा फूट. वर उगारलेली गदा धरली की तेरा. म्हणून ज्या वाटेने न्यायचा ती वाट आदल्या दिवशी उजेडात चालून बघा. लांब काठीने तार उचलून धरण्याचा उद्योग कोणीही करू नये, ओल्या कोंड्यातून वीज येते.

मुंडके विकत घ्या, असे माझे स्पष्ट मत. दिवाळीच्या आठवड्यात पणजी, म्हापसा, मडगावच्या बाजारात रांगेने मांडलेली असतात. चार दिवसांच्या पाहुण्याला घरी करणे जमत नाही, कारण नुसते वाळायलाच तीन दिवस जातात. गावातले कोणी आधी सुरू करणार असेल तर कृती अशी: चिकणमातीचा साचा, त्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, बिनखळीचा, म्हणजे साचा सुटतो. मग खळीचे सहा थर, तुकडे तळहाताएवढे आणि हाताने फाडलेले. कातरलेल्या सरळ कडेची रेघ रंगातून दिसते, फाटकी कड मिसळून जाते.

खळ: एक किलो मैद्याला सहा लिटर पाणी. मैदा आधी गार पाण्यात कालवा, उकळत्या पाण्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत ढवळा. मुंडके आणि अंग मिळून दोन किलो मैदा लागतो. किडीसाठी मोरचूद घालतात, चिमटीपुरते. ते विष आहे, ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचे नाही.

अंगावर कागदाचे तीन थर, जास्त नको. आणि गवत सैल भरा. पोट गच्च भरले आणि वर आठ थर चिकटवले तर वाटते की धडाडून पेटेल. पेटत नाही. आत हवा नसते, नुसता धुमसतो आणि तासभर सगळ्या वाड्याच्या डोळ्यांत धूर. पाठीला ताटाएवढे भोक आणि मानेत एक भोक ठेवा, खालून हवा ओढून वर ज्वाला निघते, चुलीच्या धुराड्यासारखी. रंग डिस्टेंपरचा, ऑइलपेंट नको. थर्माकोल, फोम आणि प्लॅस्टिकची फुले तर नकोतच, जळताना त्यांचे थेंब गळतात आणि कातडीला चिकटतात.

पावसासाठी ताडपत्री झाका, पण रात्रभर गुंडाळून ठेवू नका. आतून घाम सुटतो आणि खळ पुन्हा ओली होते. चार काठ्यांवर वरून छप्पर धरा, बाजू मोकळ्या.

नियमावली

दोन गोष्टी कागदावरच्या, मग वाद घाला.

ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसते ते हे की त्याच नियमात वाद्येही येतात, म्हणजे डीजे बंद करून ढोल-ताशे काढले तर सुटका नाही. सरकार वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवस १० ऐवजी १२ पर्यंत सवलत देऊ शकते. त्या वर्षीच्या यादीत ही रात्र आहे का, ते आधी विचारून घ्या.

आवाजाचे फटाकेही रात्रीच्या त्याच वेळेत बंद. शिवाय २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांच्या लडी बंद केल्या आणि दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ घातली. तेव्हा पहाटे साडेचारला पोटातून सुतळी बाँब फुटणारा नरकासुर नियमात कुठेच बसत नाही.

भाटकार_नव्हे

म्हणजे मुका नरकासुर? मग कृष्णाने यायचे तरी कशाला, अग्निशमनवाल्यांनाच बोलवू.

कोंड्याची_पेर

मुका राहत नाही, तो भाग कोंडाच सांभाळतो. ओल्या कोंड्याच्या पेरात हवा आणि ओल अडकलेली असते. तापली की पेर बाँबसारखी फुटते. पण म्हणूनच जपायचे. फुटताना चिरफळ्या उडतात. सांगाड्याच्या प्रत्येक पेराला खिळ्याने एक भोक पाडून ठेवा, वाफ निघून जाते. आवाज हवाच म्हणून एखादी-दुसरी पेर तशीच सोडली तर ती पोटाच्या मध्यावर, गवतात खोल. मुंडक्यात आणि हातात कधीच नाही. हे भाग आधी खाली गळतात आणि गळून फुटतात.

बाँबांविषयी नियम बाजूला ठेवले तरी माझा विरोधच आहे. पोट फुटले की जळते गवत वीस फूट उडते आणि ऑक्टोबरअखेर बाजूच्या भाटात (बागायतीत) सुकलेले करड (गवत) उभे असते.

फोंड्याची_वाट

पेटवण्याचे तपशील कोणी दिले नाहीत, म्हणून. जागा चारही बाजूंना पन्नास फूट मोकळी, वर माडाचे झावळ किंवा तार नाही. डांबरी रस्ता असेल तर आधी दोन इंच वाळू पसरा, नाहीतर डांबर वितळून खड्डा पडतो आणि पावसाळ्यात त्याचे डबके होते. दोनशे लिटरचा पाण्याचा पिंप, दोन बादल्या, वाळूची घमेली. डोळ्यांत बल्ब लावले असतील तर बॅटरीसकट काढा. हे हटकून राहून जाते आणि मोबाईलच्या जातीची बॅटरी आगीत फुटते.

कृष्ण झालेल्या मुलाचा पीतांबर बहुधा नायलॉनचा असतो. त्याने चक्र लांबून फेकायचे आणि मागे यायचे. पेटवणारा वेगळा, सुती कपड्यातला, लांब काठीला बोळा बांधून. वारा आपल्या पाठीवर घ्यायचा, पेटवायचे पायाकडून पाठीच्या भोकात. पहाटे वारा बहुधा जमिनीकडून समुद्राकडे असतो, पण डोंगरकुशीतल्या वाड्यांत तसे धरून चालू नका, उदबत्ती लावून बघा. अग्निशमनाचा क्रमांक १०१.

नंतर राख भिजवून टोपलीत भरा आणि जुन्या स्पीकरचे लोहचुंबक दोरीला बांधून जागेवरून ओढा. खिळे येतात.

रायबंदरची_लाट

आता वेळा जुळवू. सूर्योदय साडेसहाच्या आसपास, स्नान त्याआधी. नरकासुर किती वाजता जाळला तर जमेल?

नियमावली

स्नानाकडून उलटे मोजा. फ्लॅटमधला पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर पाणी साठ अंशांपर्यंत तापवायला सतरा-अठरा मिनिटे घेतो. त्यात गार पाणी मिसळले की आंघोळीजोग्या दोन बादल्या होतात. बारा माणसे, बारा बादल्या, सहा फेऱ्या, पावणेदोन तास. म्हणजे पहिला माणूस पावणेपाचला न्हाणीघरात हवा. गॅसवर मोठे पातेले चढवले तर त्यातला अर्धा तास वाचतो, पण चार शेगड्यांपैकी एक अडते आणि माईंच्या फोडण्या थांबतात.

फोवांवाली_माई

शेगडी मिळणार नाही. बटाटे आणि वाटाणे चारलाच चढतात.

पोरांनी साडेचारला नरकासुर पेटवावा आणि सव्वापाचपर्यंत घरी यावे, नावे शेवटच्या फेरीत. आल्या आल्या पाणी अंगावर घ्यायचे नाही. आधी कोमट खोबरेल चोळून पंधरा मिनिटे बसायचे. काजळी आणि रंग तेलाने सुटतात, साबणाने नुसते पसरतात. मग उटणे. उटण्याचा गाळ जाळीत अडकतो आणि पाचव्या माणसाला घोटाभर पाण्यात उभे राहावे लागते. जाळीवर जुन्या फडक्याचा तुकडा टाकून ठेवा.

भाण नसेल तर पाण्याची कळशी किंवा चक्क बादली आदल्या संध्याकाळी धुऊन, गळ्याला कारीटाची वेल आणि झेंडू बांधून ठेवा.

भाटकार_नव्हे

आणि कारीट? चौथ्या मजल्यावर?

फोवांवाली_माई

कुंडीतली तुळस चालते. दारात किंवा गॅलरीत तिच्यासमोर केळीचे पान नाहीतर जुने वर्तमानपत्र घाला, त्यावर डाव्या पायाच्या अंगठ्याने. नुसत्या फरशीवर फोडू नका, गर बुळबुळीत असतो आणि ओल्या पायाने माणूस सरकतो. माणशी एक आणि दोन जास्तीची, काही आतून सुकलेली निघतात. बाजारात दोन-तीन दिवस आधीच येतात. हिरवी, पट्ट्यांची, हाताला घट्ट लागणारी बघून घ्या. पिवळी पडलेली दाबण्याआधीच फुटतात. रस जिभेला लावायचा तो बोटाच्या टोकाएवढा.

काही घरांत सातविणीच्या (सप्तपर्णीच्या) सालीचा कडू रस घेतात. ती साल झाड ओळखणाऱ्या थोरांनीच काढावी. पाने एका ठिकाणाहून चक्रासारखी फुटतात एवढ्यावर भरवसा ठेवू नये, तसली दुसरी झाडेही आहेत आणि चीक विषारी असलेलीही आहेत. ओळखणारे कोणी नसेल तर हा भाग गाळा.

घाटमार्गी

नरकासुर बघत फिरणाऱ्यांसाठी एक. त्या रात्री शहरांतले मुख्य रस्ते मध्यरात्रीच्या आतबाहेर अडतात. गाडी शहराच्या कडेला ठेवा आणि चाला. मडगाव आणि पणजी एकाच रात्री करण्याचा हट्ट धरला तर निम्मी रात्र महामार्गावर जाते. एकच शहर घ्या. जो गाडी चालवणार तो पिणार नाही, हे निघण्याआधी ठरवा.

चोवीस_काड्या

कंदील पाडव्याला उतरवू नका. आपल्याकडे व्हडली (मोठी) दिवाळी, म्हणजे तुळशीचे लग्न, अजून यायची असते. तोपर्यंत राहू द्या. कागद विटला असेल तर फक्त चार चौकोनांचा बदला, त्रिकोणांचा सहसा टिकतो.

रायबंदरची_लाट

त्या लग्नाला बरेच जण परत गेलेले असतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये करायचे तर काय काय न्यावे लागते?

फोवांवाली_माई

तुळशीशेजारी नवरा म्हणून लावतात ती दिंड्याच्या झुडपाची काठी इथूनच न्या, तिकडे मागितली तर कोणाला कळणार नाही. हातभर लांब, ओल्या फडक्यात गुंडाळून. चिंच-आवळे देठासकट, ते तिकडेही मिळतात. चुरमुरे, फोव, गूळ घरात असतातच. कंदिलाच्या उरलेल्या कामट्यांचा कुंडीवर मांडव होतो, चार उभ्या आणि चार आडव्या.

ऊस तिकडचाच घ्या, पण दुकानातच कुंडीच्या मापाने तोडून. पानांसकट उभा ऊस लिफ्टमध्ये मावत नाही.